नवं कार्ट्रिज घेण्याआधी द्रव्य नेमकं कुठे हरवतंय ते शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे. रक्त आणि लघवीच्या नमुन्यांतून डिझायनर ड्रग्ज (जुन्या अमली पदार्थांचे रेणू थोडे बदलून बनवलेली द्रव्यं) वेगळी काढण्यासाठी तुमच्या प्रयोगशाळेने जुनं द्रव-द्रव एक्स्ट्रॅक्शन (द्रव्य दुसऱ्या द्रावकात ओढून घेणं) सोडून मिक्स्ड-मोड एसपीई सुरू केलं, म्हणजे नमुना कार्ट्रिज नावाच्या भरलेल्या छोट्या नळीतून सोडून द्रव्य तिच्यावर धरायचं आणि मग उतरवायचं. आता मेफेड्रोन या उत्तेजक द्रव्याची रिकव्हरी, म्हणजे नमुन्यातल्यापैकी हाती लागणारा भाग, एके दिवशी ८५ टक्के येते, तर दुसऱ्या दिवशी ४०. फ्लुआल्प्राझोलाम हे गुंगी आणणारं द्रव्य जेमतेम दिसतं. आणि घटनास्थळी सिंथेटिक कॅनाबिनॉइडची (गांजासारखा परिणाम करणाऱ्या कृत्रिम द्रव्याची) पुडी सापडलेली असूनही त्या व्यक्तीच्या लघवीत काहीच मिळत नाही. म्हणून तुम्ही विचारता की या सगळ्यांना चालेल असं एकच कार्ट्रिज कोणतं घ्यावं.

मी बरीच वर्षं हेच काम करतो. तुमचं वर्णन वाचून माझं मत असं झालं की कार्ट्रिज बदलून यातलं काहीही सुटणार नाही. तुमच्याकडे तीन वेगवेगळ्या तक्रारी आहेत आणि तिन्हींची कारणं वेगळी आहेत. मेफेड्रोन बहुधा कार्ट्रिजच्या आधी किंवा नंतर जातंय. फ्लुआल्प्राझोलाम तुम्ही स्वतःच्या हाताने वेस्टच्या बाटलीत ओतताय. आणि कॅनाबिनॉइडच्या बाबतीत तुम्ही चुकीचा रेणू शोधताय. खरा प्रश्न आहे तो हा की प्रत्येक द्रव्य कुठल्या पायरीवर हरवतं. ते एकदा कळलं की हातात आहे त्या कार्ट्रिजवरही बरंच काम होतं.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. नमुना जिवंत माणसाचा आहे की शवविच्छेदनातला, तो किती दिवस कुठल्या तापमानाला राहिला, तुमचं मास स्पेक्ट्रोमीटर (रेणूंचं वस्तुमान मोजून ते ओळखणारं यंत्र) ट्रिपल क्वाड्रुपोल आहे की हाय रेझोल्यूशन, तुम्हाला फक्त ओळख पटवायची आहे की प्रमाणही सांगायचंय, या प्रत्येकाने उत्तर थोडं बदलतं. चाचणी नुसती चाळणीची असेल तर मी रक्तात तिप्पट थंड ॲसिटोनायट्राइल घालून प्रथिनं खाली बसवतो आणि वरचं द्रावण थेट वापरतो. त्यात कुठलाही रासायनिक गट आपण मुद्दाम वगळत नाही, म्हणून अनोळखी रेणू सापडण्याची शक्यता सगळ्यात जास्त. पण फॉस्फोलिपिड या पेशींच्या आवरणातल्या चरबीसकट सगळा कचराही सोबत येतो, त्यामुळे अगदी कमी प्रमाणातली द्रव्यं दबून जातात. प्रमाण सांगायचं असेल आणि ते न्यायालयात टिकायला हवं असेल, तर एसपीई किंवा नीट बसवलेलं द्रव-द्रव एक्स्ट्रॅक्शन हवंच.

आता हरवण्याची जागा कशी शोधायची ते बघू. मटुशेव्स्की आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मांडलेली तीन संचांची पद्धत तुम्हाला ठाऊक असेल. पहिला संच नुसत्या द्रावकात स्टँडर्ड, म्हणजे ठाऊक मात्रेचं शुद्ध द्रव्य, घालून केलेला. दुसरा संच कोऱ्या (द्रव्य नसलेल्या) रक्ताचं एक्स्ट्रॅक्शन पूर्ण झाल्यावर त्यात स्टँडर्ड घालून केलेला. तिसरा, एक्स्ट्रॅक्शनच्या आधीच रक्तात स्टँडर्ड घालून केलेला. समजा पहिल्यात यंत्राच्या आलेखावरच्या पीकचं (उंचवट्याचं) क्षेत्रफळ १,००,००० आलं, दुसऱ्यात ८०,००० आणि तिसऱ्यात ४८,०००. म्हणजे मॅट्रिक्सने, अर्थात नमुन्यातल्या इतर घटकांनी, सिग्नल ८० टक्क्यांवर आणला, खरी रिकव्हरी ४८ भागिले ८० म्हणजे ६० टक्के, आणि दोन्ही मिळून ४८ टक्के. अनेक जण हा शेवटचा आकडाच ‘रिकव्हरी’ म्हणून लिहितात आणि मग आयन सप्रेशनचा (मॅट्रिक्समुळे सिग्नल दबण्याचा) दोष कार्ट्रिजवर ढकलतात. तुमचे ४० आणि ८५ हे आकडे यातले कुठले आहेत, हे आधी तपासा.

मी या तीन संचांना आणखी एक जोडतो आणि तो मला सगळ्यात उपयोगी वाटतो. कोऱ्या रक्ताचं एक्स्ट्रॅक्शन इल्यूशनपर्यंत (कार्ट्रिजवर धरलेलं द्रव्य द्रावकाने उतरवेपर्यंत) करायचं आणि बाहेर आलेल्या द्रावणात, ते वाळवण्याच्या आधी, स्टँडर्ड घालायचं. मग वाळवून पुन्हा विरघळवून यंत्रावर लावायचं. हा आकडा दुसऱ्या संचापेक्षा कमी आला, तर नुकसान वाळवताना होतंय, कार्ट्रिजचा त्याच्याशी संबंध नाही. याच्या जोडीला एक दिवस प्रत्येक वॉश (कार्ट्रिज धुतलेलं द्रावण) वेगवेगळ्या ट्यूबमध्ये गोळा करा आणि प्रत्येकाचं इंजेक्शन द्या. पाण्याचा, ॲसेटिक ॲसिडचा, मिथेनॉलचा. एका दिवसाचं काम आहे, पण त्यातून जे दिसतं ते महिनाभर वाद घालून दिसत नाही.

मेफेड्रोनपासून सुरुवात करतो, कारण त्याचा आकडा हलतोय आणि हलणारा आकडा कमी आकड्यापेक्षा वाईट. रिकव्हरी रोज ५५ टक्के येत असेल तर मी शांत झोपतो. इंटर्नल स्टँडर्ड (तुलनेसाठी नमुन्यात मुद्दाम घातलेलं जुळतं द्रव्य) बरोबर असेल तर ५५ ने काही बिघडत नाही. ४० आणि ८५ मध्ये झोके घेणाऱ्या पद्धतीवर मी सही करणार नाही.

मेफेड्रोन हे कॅथिनोन. ॲम्फेटामिनच्या साखळीत बीटा जागी कीटोन बसवला की कॅथिनोन तयार होतं, आणि तो कीटोनच या गटाचा कमकुवत दुवा. नायट्रोजन मोकळा असला, म्हणजे माध्यम अल्कधर्मी असलं, की हे रेणू भराभर तुटतात. आम्लधर्मी लघवी फ्रीजरमध्ये ठेवली तर ते महिनोन्महिने टिकतात. तीच लघवी पीएच ८ ची असेल आणि टेबलावर राहिली, तर काही दिवसांतच मोठा भाग नाहीसा होतो, आणि काही फ्लोरिनयुक्त कॅथिनोन तर काही तासांत. अल्फा-पीव्हीपीसारखे पायरोलिडीन असलेले आणि एमडीपीव्हीसारखे मिथिलिनडायॉक्सी असलेले त्यामानाने दणकट. म्हणून एकाच मिश्रणात अल्फा-पीव्हीपी स्थिर आणि मेफेड्रोन अस्थिर दिसलं तर पंपावर किंवा पिपेटवर संशय घेऊ नका, टिकाऊपणाचा विचार करा. तुमच्या क्वालिटी कंट्रोलच्या (ठाऊक मात्रेच्या तपासणी-नमुन्यांच्या) नळ्या कधी तयार झाल्या, किती वेळा वितळल्या, हे वहीत बघा. ४० टक्केवाले दिवस आणि जुन्या नळ्यांचे दिवस एकच निघाले, तर मला आश्चर्य वाटणार नाही.

दुसरी शक्यता वाळवण्याची. इल्यूशनला तुम्ही नेहमीचंच मिश्रण वापरत असणार, डायक्लोरोमिथेन, आयसोप्रोपॅनॉल आणि अमोनिया ७८:२०:२. यात बाहेर येणारं मेफेड्रोन मोकळ्या बेसच्या (भार नसलेल्या अल्कधर्मी रेणूच्या) रूपात असतं आणि मोकळा बेस हवेत उडतो. नायट्रोजनचा झोत जोरात असला, तापमान ४० अंशांच्या वर गेलं किंवा नळी कोरडी झाल्यावर आणखी दहा मिनिटं तिथेच राहिली, की तेवढं द्रव्य गेलं. एकदा मी आमच्या वाळवणी यंत्रासमोर मुद्दाम उभा राहून बघितलं. चोवीस नळ्या होत्या. कडेच्या नळ्यांवर झोत जास्त होता, त्या साधारण सात मिनिटांत कोरड्या झाल्या, मधल्या नळ्यांत तेव्हाही बोटभर द्रावण होतं. तंत्रज्ञ शेवटची नळी वाळेपर्यंत थांबत होता, तसं थांबायचं शिकवलेलं होतं. मेफेड्रोनचे वाईट आकडे नेमके कडेच्या जागांचे होते. तेव्हापासून वाळवायच्या आधी प्रत्येक नळीत मिथेनॉलमधलं १ टक्का हायड्रोक्लोरिक ॲसिड ५० ते १०० मायक्रोलिटर घालायचं, हा आमचा नियम आहे. बेसचं क्षार होतं, क्षार उडत नाही. वाळून झाल्यावर तळाशी पांढरट पुसटशी कड दिसली की काम झालं. नळी कोरडी होताच काढायची, बाकीच्यांची वाट बघायची नाही.

त्या ७८:२०:२ बद्दल आणखी एक. ते रोज ताजं करा. अमोनिया उडून जातो, कालच्या बाटलीतलं मिश्रण आज पुरेसं अल्कधर्मी उरत नाही आणि मग बेस कार्ट्रिजलाच चिकटून राहतात. करताना आधी आयसोप्रोपॅनॉल आणि अमोनिया एकत्र करायचं, डायक्लोरोमिथेन शेवटी. उलट केलं तर दोन थर राहतात.

फ्लुआल्प्राझोलामचं कोडं सोपं आहे आणि म्हणूनच ते इतक्या ठिकाणी निसटतं. मिक्स्ड-मोड कार्ट्रिज दोन हातांनी धरतं. एक हात आठ कार्बनच्या साखळीचा, तो स्निग्ध रेणूंना धरतो. दुसरा सल्फोनिक ॲसिडचा, तो धनभारित नायट्रोजनला धरतो. पीएच ६ च्या फॉस्फेट बफरमध्ये मेफेड्रोन, तसंच फेंटानिल आणि नायटाझिन (दोन्ही ओपिऑइड, म्हणजे अफूसारखी कृत्रिम द्रव्यं) हे सगळे धनभारित असतात, दुसऱ्या हाताने घट्ट धरले जातात आणि मिथेनॉलने धुतलं तरी हलत नाहीत. फ्लुआल्प्राझोलाम ज्या गटातलं, ती ट्रायझोलो बेन्झोडायझेपिनं मात्र फारच दुबळे बेस, पीएच ६ लाच नव्हे, ॲसेटिक ॲसिडच्या वॉशमध्येही त्यांच्यावर पुरेसा भार नसतो. ती फक्त पहिल्या हाताने धरलेली असतात. मिथेनॉल आलं की तो हात सुटतो आणि ती सरळ वेस्टमध्ये. म्हणूनच वरती म्हटलं की मिथेनॉलचा वॉश गोळा करून बघा, फ्लुआल्प्राझोलाम तुम्हाला तिथे सापडेल.

उपाय असा की ॲसेटिक ॲसिडच्या वॉशनंतर कार्ट्रिज पाच मिनिटं चांगलं वाळवायचं आणि एथिल ॲसिटेटने पहिला भाग वेगळा काढायचा. त्यात उदासीन आणि आम्लधर्मी रेणू येतात. मग मिथेनॉलने धुऊन, पुन्हा वाळवून, अमोनियाच्या मिश्रणाने बेस काढायचे. दोन्ही भाग एकत्र करायचे की वेगळे चालवायचे, हे तुमच्या यंत्राच्या वेळेवर ठरवा. मी वेगळे चालवतो, पहिल्या भागात चरबी जास्त येते आणि ती बेसच्या भागात मिसळायला नको असते. कार्ट्रिज मधे नीट वाळलं नाही, तर पुढच्या द्रावकात पाणी येतं, ते पाणी वाळता वाळत नाही, आणि मेफेड्रोनचं वरचंच दुखणं पुन्हा सुरू. याच गटातल्या क्लोनाझोलामसारख्या नायट्रो बेन्झोडायझेपिनांबद्दल एवढं लक्षात ठेवा की ती शरीरात, आणि मृत्यूनंतर जिवाणूंच्या कृतीनेही, अमिनो रूपात जातात. शवविच्छेदनाच्या रक्तात ८-अमिनोक्लोनाझोलाम शोधलं नाही तर मूळ द्रव्य नसल्याचा खोटा निष्कर्ष निघतो.

कॅनाबिनॉइडच्या बाबतीत मला जरा जास्त लिहावंसं वाटतं, कारण इथे चूक झाली की निर्दोष अहवालाच्या रूपाने ती बाहेर पडते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. २००८ मध्ये युरोपात ‘स्पाइस’ नावाने विकल्या जाणाऱ्या वनस्पतींच्या मिश्रणात जेडब्ल्यूएच-०१८ सापडलं, तेव्हापासून हा गट सतत रूप बदलतोय. पण एक गोष्ट बदललेली नाही. हे रेणू कमालीचे स्निग्ध असतात आणि मूळ रूपात लघवीत जवळजवळ येतच नाहीत. यकृत त्यांना हायड्रॉक्सिल किंवा कार्बॉक्सिल गट लावतं, त्यावर ग्लुक्युरोनिक ॲसिड जोडतं आणि मग हे बदललेले रेणू, म्हणजे मेटाबोलाइट, लघवीत उतरतात. मूळ रेणूचं स्टँडर्ड घेऊन लघवी तपासली तर काही दिसणार नाही हे ठरलेलंच. सुरुवातीच्या काळात मीही एका प्रकरणात असंच नकारात्मक उत्तर दिलं होतं. पुढे त्याच नमुन्याचं एन्झाइमने हायड्रोलिसिस करून, म्हणजे ते ग्लुक्युरोनिक ॲसिड तोडून, मेटाबोलाइट शोधले तेव्हा ते स्वच्छ दिसले आणि अहवाल दुरुस्त करावा लागला. त्या दुरुस्तीची आठवण मला आजही सुखाची नाही.

म्हणून लघवीसाठी आधी बीटा-ग्लुक्युरोनिडेज, म्हणजे तो जोड तोडणारं एन्झाइम. कुठून मिळवलेलं एन्झाइम आहे त्यानुसार पीएच आणि तापमान बदलतं. ई. कोलायचं एन्झाइम पीएच ७ च्या आसपास चालतं, गोगलगायीचं ५ च्या आसपास, आणि नवी रिकॉम्बिनंट एन्झाइमं वाढीव तापमानाला अर्ध्या तासाच्या आत काम उरकतात. कुठलंही घ्या, पण प्रत्येक बॅचमध्ये ऑक्साझेपाम ग्लुक्युरोनाइडसारखं हायड्रोलिसिसचं कंट्रोल ठेवा. काही लघवींमध्ये एन्झाइमला अडवणारे घटक असतात, ते कंट्रोल कोऱ्या लघवीत पास होतं आणि खऱ्या नमुन्यात एन्झाइम झोपलेलं असतं. शंका असेल तर त्या नमुन्यातच ग्लुक्युरोनाइड घालून पुन्हा चालवा. आणि इथे पुन्हा तेच मिथेनॉल येतं. कार्बॉक्सिल मेटाबोलाइट आम्लधर्मी असतात, मिक्स्ड-मोडवर ते बेन्झोडायझेपिनांबरोबर पहिल्याच भागात उतरतात. जुन्या पद्धतीत पीएच ९ ला द्रव-द्रव एक्स्ट्रॅक्शन करत असाल तर ते ऋणभारित होऊन पाण्यातच राहिले असणार, म्हणजे तिथेही हाती लागले नसते.

रक्तात मूळ रेणू मिळू शकतो, पण ५एफ-एडीबीसारख्या एस्टर असलेल्या रेणूंचा एस्टर नमुन्यातही तुटत राहतो. फ्लोराइडची नळी आणि लगेच थंड साठवण यांनी वेग कमी होतो, थांबत नाही. म्हणून रक्तातही मूळ रेणूसोबत त्याचं आम्ल शोधा. प्लास्टिकचीही काळजी घ्या. पाणी जास्त असलेल्या द्रावणात कॅनाबिनॉइड नळीच्या भिंतीला चिकटून बसतात. काचेच्या किंवा सिलनाइज्ड (द्रव्य चिकटू नये म्हणून आतून लेप दिलेल्या) नळ्या वापरा आणि शेवटी ज्यात विरघळवायचं त्यात सेंद्रिय द्रावक भरपूर ठेवा. तेवढं सेंद्रिय मेफेड्रोनला मानवत नाही, सुरुवातीलाच बाहेर पडणाऱ्या पीकचा आकार पसरतो. दोन भाग वेगळे चालवायचं माझं हे दुसरं कारण.

थोडं फेंटानिलसदृश आणि नायटाझिन ओपिऑइडबद्दल, कारण तुमचा पुढचा प्रश्न तोच असेल. बेस म्हणून ते मिक्स्ड-मोडवर छान वागतात. अडचण प्रमाणाची. कारफेंटानिल मिलिलिटरमागे नॅनोग्रामच्याही अंशात असतं. इथे १०० मायक्रोलिटर रक्ताने भागत नाही, मी ५०० घेतो आणि शेवटी ५० मध्ये विरघळवतो. इतकं सांद्र केलं की आधीच्या इंजेक्शनमधून उरलेला अंशही दिसू लागतो, म्हणून सगळ्यात वरच्या कॅलिब्रेटरनंतर (मोजमापासाठीच्या ठाऊक मात्रेच्या नमुन्यानंतर) कोरा नमुना चालवल्याशिवाय मी कुठलाही सकारात्मक निकाल मानत नाही.

शवविच्छेदनाचं रक्त हा वेगळाच पदार्थ आहे. गुठळ्या, चरबी, कुजण्यातून तयार झालेलं टायरामिन आणि फेनेथिलामिन. हे दोघे लहान अमिन असल्याने तुमच्या बेसच्या भागात बरोबर येऊन बसतात. असं रक्त बफरने चौपट-पाचपट पातळ करून, अल्ट्रासॉनिक बाथमध्ये ठेवून, जोरात सेंट्रिफ्यूज करूनच कार्ट्रिजवर चढवा, नाहीतर ते मधेच तुंबतं. व्हॅक्यूम वाढवून ओढून घ्यायचा मोह होतो. तसं केलंत तर त्या नळीचा आकडा विश्वासाचा राहत नाही. रक्त मांडीच्या शिरेतलं असेल तरच प्रमाणावर बोला, हृदयातल्या रक्तात मृत्यूनंतर आसपासच्या अवयवांतून द्रव्य झिरपतं.

इंटर्नल स्टँडर्ड नमुन्यात अगदी पहिल्यांदा घाला आणि पंधरा-वीस मिनिटं रक्तात मिसळू द्या. मेफेड्रोनसाठी ड्युटेरियमयुक्त (जड हायड्रोजन बसवलेलं) मेफेड्रोनच हवं, ॲम्फेटामिनचं चालणार नाही, कारण ते मेफेड्रोनसारखं तुटत नाही आणि मेफेड्रोनचं नुकसान हिशेबात भरून निघत नाही. नव्याने आलेल्या रेणूसाठी जुळणारं इंटर्नल स्टँडर्ड बाजारात नसतंच. तेव्हा प्रमाण काढण्यासाठी मी नमुन्याचे चार भाग करून त्यांत वाढत्या मात्रेत स्टँडर्ड घालतो, म्हणजे त्याच रक्ताच्या मॅट्रिक्समध्ये कॅलिब्रेशन होतं. वेळखाऊ आहे, पण प्रामाणिक आहे.

पद्धत प्रमाणित करताना एएनएसआय/एएसबी ०३६ हे न्यायवैद्यक विषशास्त्राचं अमेरिकन मानक समोर ठेवा. किमान दहा वेगवेगळ्या व्यक्तींचं कोरं मॅट्रिक्स, बायस आणि प्रिसिजन २० टक्क्यांच्या आत, आयन सप्रेशन किंवा एन्हान्समेंट २५ टक्क्यांपलीकडे गेलं तर त्याचा निकालावर परिणाम होत नाही हे दाखवणं. दहा व्यक्तींऐवजी एकाच पिशवीतलं रक्त दहा वेळा वापरलेलं मी पाहिलंय, तसं करू नका. आयसोमरही (तेच अणू पण वेगळी मांडणी असलेले रेणू) तिथेच तपासा. ३-एमएमसी आणि मेफेड्रोन यांचं वस्तुमान एकच, तुकडेही जवळजवळ सारखे. कॉलमवर (यंत्रात रेणू वेगळे करणाऱ्या नळीवर) ते वेगळे होत नसतील, तर अहवालात मेफेड्रोन असं नाव लिहिता येणार नाही.

आता तुमच्या पहिल्या आठवड्यासाठी माझा क्रम सांगतो. सोमवारी ताजं स्टँडर्ड घालून, वाळवण्याआधी ॲसिड घालून आणि न घालता, सहा-सहा नळ्या चालवा. मंगळवारी सगळे वॉश गोळा करून तपासा. बुधवारी त्या पुडीच्या प्रकरणातली लघवी हायड्रोलिसिस करून मेटाबोलाइटसाठी पुन्हा बघा, पण सगळी संपवू नका, निम्मी न वापरता फ्रीजरमध्ये राहू द्या, बचाव पक्षाने फेरतपासणी मागितली तर ती लागेल. हे आकडे आणि नळ्या बनवल्याच्या तारखा इथे लिहा. त्यानंतरही मेफेड्रोन हलत असेल, तर आपण बफर आणि व्हॅक्यूमचा वेग बघू.